माथ्यावरचं माळवं

बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका म्हणजे पाणलोटाचा माथा. मांजरा नदी याच तालुक्यात गौखाडीजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटर उंचीवर उगम पावते आणि लांबचा वळसा घेऊन गोदावरीला मिळते. सिंदफणाही इथल्याच डोंगरांतून निघते, तीही गोदावरीकडेच जाते. सौताड्याला रामेश्वराच्या दरीत कोसळणारी विंचरणा मात्र पाठ फिरवून जामखेडकडे उतरते, सीनेला मिळते आणि पुढे भीमेतून तिचं पाणी कृष्णेत जातं. म्हणजे तालुक्यात पडलेल्या पावसाला जायला दोन वाटा आहेत आणि दोन्ही तालुक्याबाहेर जातात. वरून वाहत येणारं पाणी मात्र इथं कुठूनच नाही.

परसात चार वाफे करू पाहणाऱ्याला हा भूगोल आधी समजून घ्यावा लागतो. उंची थंडी देते, पण माती आणि पाणी खाली पाठवून देते. बालाघाटाच्या या डोंगररांगेवरच्या परसबागेचं सगळं वेळापत्रक या देवघेवीतून ठरतं. मिळालेल्या थंडीचा पुरेपूर फायदा घ्यायचा आणि निघालेलं पाणी, माती जमेल तेवढी अडवायची, एवढं साधलं तर पाटोद्यासारख्या ठिकाणीही घरचं माळवं वर्षातले आठ-नऊ महिने निघू शकतं.

उंचीनं काय बदलतं?

उंची दर १०० मीटरनं वाढली की हवेचं तापमान सरासरी ०.६५ अंशानं उतरतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून वर चढणारी हवा फुगते, आणि फुगताना थंड होते. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की या हिशेबानं फरक पडतो तो एखाद्या अंशाचाच. पण पठारावरची हवा हिवाळ्यात कोरडी असते, आभाळ निरभ्र असतं आणि जमिनीनं दिवसभर साठवलेली उष्णता रात्री बिनअडथळा आकाशात निघून जाते. म्हणून दुपारी शर्ट चिकटेल असं ऊन आणि पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही अशी थंडी, हे दोन्ही एकाच दिवसात अनुभवायला मिळतं.

महाबळेश्वरशी तुलना केली की चित्र स्पष्ट होतं. महाबळेश्वर सुमारे १,३७२ मीटरवर आहे आणि तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. बालाघाटाची उंची साधारण त्याच्या निम्मी, पण पाऊस निम्माही नाही. बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी सुमारे ६६६ मिलिमीटर, आणि तीही भरवशाची नाही. दुसरीकडे लेहला, साडेतीन हजार मीटरवर, भाजीपाला उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांतच होतो, कारण हिवाळ्यात मातीच गोठते. बालाघाटावर गणित उलटं आहे. इथं माती गोठत नाही, त्यामुळे हिवाळा हाच बागेचा खरा हंगाम आणि उन्हाळा हा तग धरण्याचा काळ.

थंडीची आणखी एक खोड लक्षात ठेवावी. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागेत साचते. म्हणून ओढ्याकाठच्या परसातली केळ किंवा पपई थंडीनं करपते आणि वर टेकाडावरची तशीच हिरवी राहते. अशी नाजूक झाडं घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला धरून लावावीत. जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड दगडी भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती ऊब सोडत राहतात.

वाफ्याची जागा

पाटोदा साधारण १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. २२ डिसेंबरला तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की भरदुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो. त्या दिवशी दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. घराच्या उत्तरेला भिंतीला लागून केलेला मेथीचा वाफा हिवाळाभर सावलीतच राहतो आणि रोपं लांबोडी, फिकट होतात. म्हणून हिवाळी वाफे दक्षिणेला किंवा पूर्वेला मोकळ्यावर घ्यावेत. दोडक्या-कारल्याचा मांडव उत्तरेच्या कडेला घालावा, म्हणजे त्याची सावली वाफ्यांवर येत नाही. पश्चिमेला शेवगा लावावा. उन्हाळ्यात चार वाजताचं ऊन तो अडवतो.

पश्चिमेचा आडोसा वाऱ्यासाठीही हवा. बालाघाटावर ठिकठिकाणी पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या इथल्या वाऱ्याच्या जोरावरच. तोच वारा जून-जुलैत पानातलं पाणी ओढून घेतो, वेल फाडतो, टोमॅटोची रोपं आडवी करतो. पक्की भिंत बांधली तर वारा तिच्यावरून उसळून पलीकडे भोवरे करतो. त्यापेक्षा थोडा वारा गाळून जाऊ देणारा जिवंत आडोसा बरा: शेवरी, एरंड, गिरिपुष्प किंवा नुसती मक्याची दाट ओळ. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं. दरवर्षी शेंगांचा हंगाम संपला की तो तीन-चार फुटांवर छाटला तर वाऱ्यात मोडत नाही आणि शेंगाही हाताला येतात.

माती बहुतेक ठिकाणी वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट. शिवाय इथली माती आणि बोअरचं पाणी दोन्ही चुनखडीयुक्त. लिंबाची किंवा मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या, तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. तिथं आणखी युरिया टाकून उपयोग नाही. भरपूर शेणखत आणि पालापाचोळ्याचं कंपोस्ट हाच कायमचा उपाय. फेरस सल्फेटची फवारणी ही तात्पुरती मलमपट्टी.

फळझाडांचे खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून ठेवावेत, लांबी-रुंदी-खोली दोन-दोन फूट. उन्हानं खड्डा तापला की हुमणी आणि बुरशी मरते. वळवाचा पहिला पाऊस झाला की पोयटा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून तो भरून घ्यावा.

पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या छतावर सरासरी वर्षात सुमारे ३३ हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं ८० टक्के धरता आलं तरी २६ हजार लिटर होतं. सगळं साठवायला टाकी परवडणार नाही. पण पन्हाळीचं पाणी अंगणातून वाहून जाऊ देण्याऐवजी बागेच्या वरच्या अंगाला चर खणून त्यात सोडलं, तर ते मुरमात मुरतं आणि मुळांच्या कामी येतं.

वर्षभराचा खरा आधार मात्र मोरीचं पाणी. पाच माणसांच्या घरात आंघोळ, भांडी आणि धुणं मिळून टंचाईतही दिवसाला शंभरेक लिटर पाणी वापरलं जातं. मे महिन्यात उघड्या वाफ्यातून आणि पानांतून मिळून एका चौरस मीटरमागं दिवसाला आठ-दहा लिटर पाणी उडून जातं. डिसेंबरमध्ये तीन-चार लिटर. म्हणजे शंभर लिटरमध्ये उन्हाळ्यात दहा-बारा चौरस मीटरची बाग जगते आणि हिवाळ्यात पंचवीस ते तीस चौरस मीटरची. थंडी हा इथला खरा हंगाम का, याचं उत्तर या एका हिशेबात आहे.

मोरीच्या पाण्यासाठी कडेला खड्डा घेऊन त्यात गोटे, खडी आणि वाळूचे थर द्यावेत आणि तोंडाशी कर्दळ, अळू लावावं. धुण्याच्या सोड्याचं पाणी पालेभाजीला देऊ नये. ते शेवगा, केळ अशा मोठ्या झाडांकडे वळवावं, आणि तेही एकाच झाडाला रोज नको.

मडकं पुरणं ही सर्वांत स्वस्त ठिबकची पद्धत. पाच-सात लिटरचं न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती चार वेल लावायचे, मडकं भरून तोंडावर झाकणी ठेवायची. माती कोरडी होते तसं मडक्याच्या छिद्रांतून पाणी झिरपतं. माती ओली असेल तर झिरपणं आपोआप मंदावतं. दोन-चार दिवसांनी मडकं भरलं की झालं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात खरबुजासाठी हीच पद्धत सांगितली आहे. इथल्या चुन्याच्या पाण्यानं छिद्रं बुजतात, म्हणून हंगाम संपला की मडकं काढून घासावं किंवा बदलावं.

आणि वाफा कधीही उघडा ठेवू नये. सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला, उसाचं पाचट, जे मिळेल त्याचं तीन-चार बोटं जाड आच्छादन घातलं की बाष्पीभवन खूपच कमी होतं, आणि वीतभर मातीही वाऱ्या-पावसात जागेवर राहते.

पावसाळा: मृगावर किती विसंबायचं?

रोहिणी निघाल्या की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं सावलीत गादीवाफ्यावर टाकावीत. चार-पाच आठवड्यांत ती लावणीला येतात. ७-८ जूनला मृग लागतो, पण बालाघाट पर्जन्यछायेत असल्यानं मृगाचा पहिला शिडकावा पुष्कळदा फसवतो. वीतभर माती खालपर्यंत ओली होईल असा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी टाकू नये, हा शेताचा नियम परसालाही लागू.

दोडका, कारलं, दुधी, लाल भोपळा, गवार, चवळी, भेंडी, अंबाडी ही पावसाळी मंडळी. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही जात घरच्या बागेला चांगली. पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून ती प्रसिद्ध झाली, आणि ती संकरित नसल्यानं तिचं बी घरी धरता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, तेव्हा मडकं आणि आच्छादन कामी येतं.

याच दिवसांत न पेरलेलं माळवंही उगवतं: तरोटा, कुर्डू, घोळ, तांदुळजा. खुरपून फेकण्याआधी ओळखून घ्यावं. तांदुळजा आणि घोळ यांची अन्न तयार करण्याची रीत अशी आहे की कमी पाण्यात त्या जास्त वाढतात. घोळ तर फार ताण पडला की पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडते आणि पाणी वाचवते. म्हणूनच उन्हाळ्यात बाकीचे वाफे रिकामे झाले तरी या दोन भाज्या मोरीच्या ओलीवर निघतात.

पक्ष्यांचा उपद्रवही याच वेळी. नायगावचं मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यातच आहे आणि मोर अभयारण्याच्या सीमा पाळत नाहीत. कोवळे कोंब, मिरची, टोमॅटो त्यांना फार प्रिय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोराला पूर्ण संरक्षण आहे, तेव्हा विषारी औषध, फासा यांचं नावही नको. बाभळीच्या काट्या किंवा जुनी साडी वाफ्यावर ताणून बांधली की भागतं.

हिवाळा: हस्तानंतरचा सुकाळ

मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस फार मोलाचा. २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त लागतो, त्या ओलीवर हिवाळी बाग उभी राहते. नवरात्रात घटाभोवती काळ्या मातीत धान्य पेरतात आणि दसऱ्याला त्याचे कोंब टोपीत खोवतात. घटात कोणतं धान्य जोमानं आलं हे जुनी माणसं आवर्जून पाहतात. बियाण्याची परीक्षा घरच्या घरी करायची हीच वेळ: १०० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, सत्तरच्या खाली उगवल्या तर बी दाट पेरायचं किंवा बदलायचं.

मेथी २५-३० दिवसांत निघते, पालक महिन्यात, कोथिंबीर आणि मुळा सहा आठवड्यांत. धने पेरण्याआधी रगडून दोन फाका करावेत. मेथी-कोथिंबीर सगळी एकदम पेरू नये; दर दहा-बारा दिवसांनी एक पट्टा पेरत गेलं की फेब्रुवारीपर्यंत खंड पडत नाही. लसूण ऑक्टोबरात लावला की काढणीला चार-साडेचार महिने लागतात. कोबी, गाजर, वाटाणा, चुका यांना इथल्या रात्री मानवतात. भेंडी-गवारीचं बी मात्र आता टाकू नये, थंड मातीत ते नीट उगवत नाही. डिसेंबरच्या कडाक्यात टोमॅटोला फळ कमी धरतं, कारण पहाटेच्या थंडीत पराग नीट रुजत नाही. झाड उपटू नये, जानेवारीअखेर थंडी उतरली की फळधारणा पुन्हा सुरू होते.

एक वाफा हरभऱ्याचा असावाच. कोवळे शेंडे खुडले की भाजी होते आणि झाड फुटवे धरून डेरेदार होतं. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल स्रवतं. संध्याकाळी पिकावर स्वच्छ पातळ धोतर अंथरायचं. रात्रभर ते आम्ल मिसळलेलं दव पीत राहतं. सूर्य वर यायच्या आत ते बाटलीत पिळून घ्यायचं. ही हरभऱ्याची आंब. पोट दुखलं की पाण्यात थेंबभर घालून देण्याचा रिवाज घरोघर होता. फवारणी केलेल्या पिकाची आंब मात्र घेऊ नये.

पण नेमक्या याच हंगामात पाटोदा, शिरूर, आष्टी या पट्ट्यातली हजारो घरं बंद असतात. दिवाळी झाली की ऊसतोडीला गेलेला कोयता, म्हणजे तोडणी करणारं जोडपं, पाडव्याच्या आगेमागेच परततो. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं. त्यांना रोज वाफे भिजवणं होत नाही. अशा घरांसाठी बागेची आखणी वेगळी हवी. पावसाळ्यात ४५-६० दिवसांत येणारी चवळी, गवार, दोडका यांवर भर द्यावा. लाल भोपळा पूर्ण पिकवून, देठासकट काढून, कोरड्या जागी ठेवला तर तीन-चार महिने टिकतो. शेवगा, कढीपत्ता, हादगा ही एकदा रुजली की फार न मागणारी झाडं मोरीच्या पाण्यावर ठेवावीत. शेवग्याच्या पाल्याची भाजी करायला आजीलाही कष्ट नाहीत. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानानं २०२० साली बचतगटांच्या महिलांसाठी ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली. या भागात अशा मोहिमेचा उपयोग व्हायचा तर लागवड कोयत्याच्या वेळापत्रकाशी जुळवूनच करावी लागेल.

उन्हाळा आणि सीताफळ

मार्चपासून बाग आवरती घ्यायची. निम्मे वाफे सरळ मोकळे सोडून तापू द्यावेत. उरलेल्यांवर तुराट्यांचा मांडव घालून त्यावर पळसाचा पाला टाकावा. निम्मं ऊन अडलं तरी पुरे. पाणी सूर्य मावळल्यावर द्यावं. मे-जूनमध्ये पडणाऱ्या पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवाव्यात. ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळला की मावा-तुडतुड्यांवर पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क तयार.

या दिवसांत बालाघाटाच्या उतारांवर पानं गाळून सुकल्यासारखं उभं राहिलेलं झाड म्हणजे सीताफळ. पानंच नाहीत म्हणून पाणी उडत नाही, आणि पानं आली तरी शेळ्या तोंड लावत नाहीत. मुरमात, पाणी न घालता टिकून राहणारी अशी फळझाडं इथं थोडीच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला त्याचं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे.

परसातलं सीताफळ फुलतं, पण फळ धरत नाही, ही नेहमीची तक्रार. त्याचं कारण फुलाच्या रचनेत आहे. एकाच फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, तोवर स्त्रीभागाचा काळ उलटलेला असतो. एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेण्याचं काम बारीक भुंगेरे करतात, आणि ते ओलसर पालापाचोळ्यात राहतात. झाडाखाली झाडलोट केली की त्यांचं घर मोडतं. म्हणून बुंध्याशी पाचोळा राहू द्यावा. एखादंच झाड असेल तर पाऊस पडून हवेत ओल आल्यावर, सकाळी लवकर, पूर्ण उमललेल्या फुलातले पराग मऊ कुंचल्यावर घेऊन अर्धवट उमललेल्या फुलात फिरवावेत. फळाच्या खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पांढरट-पिवळ्या दिसू लागल्या, म्हणजे डोळे उघडले, की तोडणी करावी. बियांची पूड डोळ्यांना घातक असते, ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

बी घरचं हवं

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, पालेभाज्यांची गावठी वाणं जमवून बियाणं बँक उभी केली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम परसातूनच सुरू झालं. दुकानातल्या संकरित बियांची दुसरी पिढी आईबापांसारखी निघत नाही. गावठी वाण दरवर्षी निवडून धरलं तर ते इथल्या वाऱ्याला, चुन्याला आणि खंडाला सरावत जातं. निवड मात्र चोख हवी. सगळ्यांत निरोगी वेलावरचं दुसरं-तिसरं फळ बियांसाठी राखायचं, वेलावरच वाळू द्यायचं, बी चाळलेल्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि डब्यावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहायचं.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्याच वर्षी मोठा पसारा मांडू नये. मोरीच्या पाण्याची वाट, पश्चिमेला एक शेवगा, दोन पुरलेली मडकी आणि हस्ताच्या ओलीवर मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे, एवढ्यावर सुरुवात करा. घरातलं सांडपाणी रोज किती बादल्या होतं ते आठवडाभर मोजा, आणि त्या बादल्यांत भागेल तेवढीच बाग लावा.